मोजणीवाले लॅम्बटन साहेब

33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा म्हणजे 1 गुंठा, म्हणजेच 1089 चौरस फूट. दोन्ही बाजूंना एकेक फूट जास्त धरला तर 34 गुणिले 34, म्हणजे 1156 होतात. 67 चौरस फुटांचा फरक! धुऱ्याची भांडणं अशानंच लागतात. म्हणून मला विल्यम लॅम्बटन साहेब आवडतात.

1802 साली त्यांनी मद्रासजवळ देशाची मोठी मोजणी सुरू केली. 100 फुटी पोलादी साखळी उन्हाने तापली की थोडी लांबते. म्हणून ते तिच्यावर सावली धरत, थर्मामीटर पाहत आणि तेवढा फरक हिशेबात धरत. 1808 साली तंजावरच्या देवळावर चढवताना कोन मोजायचे अवजड यंत्र आपटले. ते त्यांनी स्वतःच दुरुस्त केले.

मोजत मोजत ते उत्तरेकडे आले आणि 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारले. हे गाव आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आहे. पुढे त्याच मोजणीतून एव्हरेस्ट शिखराची उंची कळली.

आता सातबारावर हेक्टर-आर असतात. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि 100 आर म्हणजे 1 हेक्टर. पण माप कोणतंही असो, मोजणाऱ्याचा हात खरा पाहिजे.

– इयत्ता सातवी