परळची खोली ते राजगृह : बाबासाहेबांनी घर कुठे बांधलं?



आमच्या अभ्यासवर्गाला येणारी तिशीतली मुलंमुली हल्ली वर्ग संपल्यावर एकच विषय काढतात. घर कुठे घ्यायचं? आईवडिलांची खोली वस्तीत, नोकरी बीकेसी नाहीतर पवईला, आणि कर्ज झेपेल असा फ्लॅट बदलापूर, टिटवाळा किंवा उलव्याला. वस्तीत राहिलं तर विहार आहे, मंडळ आहे, अडीअडचणीला धावून येणारी माणसं आहेत, पण पोराला अभ्यासाला कोपरा नाही. लांब गेलं तर कोपरा मिळतो आणि दिवसाचे तीन तास लोकलमध्ये जातात. शिवाय वस्ती सोडणारा समाज विसरतो, हा टोमणा ऐकावा लागतो तो वेगळाच. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः घर शोधत होते. एका एजंटने फोनवर तीनदा पूर्ण नाव विचारलं आणि संध्याकाळी कळवलं की मालकाचा विचार बदलला. तेव्हापासून बाबासाहेबांचं चरित्र मी एका वेगळ्या नजरेने वाचू लागले. ते कुठे राहिले आणि तिथेच का, या नजरेने.

सुभेदार रामजी सकपाळ सातारा सोडून मुंबईत आले ते 1904 च्या सुमारास. परळच्या डबक चाळीत एक खोली मिळाली. त्याच खोलीत चूल, त्याचाच धूर, भांडीकुंडी, सरपण, जातं आणि पायाशी बांधलेली शेळी. भीमराव लवकर झोपायचा आणि रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागून त्याला अभ्यासाला उठवायचे, कारण सगळं घर झोपल्यावरच त्या खोलीत शांतता व्हायची. ही गोष्ट आपण बापाच्या त्यागाची म्हणून सांगतो, आणि ते खरंच आहे. पण ती जागेचीही गोष्ट आहे. मुलाला खोली देता येत नव्हती म्हणून बापाने त्याला रात्र दिली.

दिवसा वाचायला मुलाने आणखी एक जागा शोधली, चर्नी रोडची बाग. शाळा सुटल्यावर तिथे एकटा वाचत बसणारा हा विद्यार्थी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेत भरला. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. त्या बागेतली ओळख पुढे कुठवर गेली हे या वाचकांना मी सांगायला नको. घराजवळ ग्रंथालय, बाग, बसायला बाक आहे का, हे घर बघताना आपण किती जण विचारतो? आपण लिफ्ट आणि पार्किंग विचारतो.

1912 पासून कुटुंब परळच्या पोयबावडी भागातल्या बीआयटी चाळीत राहिलं. चाळ क्रमांक 1, दुसरा मजला, 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्या. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. 1896 च्या प्लेगने दाटीवाटीची मुंबई हादरली आणि 1898 साली सरकारने हा ट्रस्ट काढला. त्याने एकीकडे कामकरी वर्गासाठी चाळी उभारल्या आणि दुसरीकडे शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखून मध्यमवर्गासाठी भूखंड पाडले. एकाच संस्थेची ही दोन तोंडं लक्षात ठेवा, कारण बाबासाहेबांचं आयुष्य पुढे एकाकडून दुसऱ्याकडे जाणार आहे.

घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत हे त्यांना सर्वांत कडवटपणे कळलं ते बडोद्यात. 1917 साली, कोलंबियाची पदवी घेऊन आलेला हा माणूस संस्थानच्या नोकरीवर रुजू झाला आणि त्याला राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून काही दिवस काढले. जात कळताच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगून घरात घ्यायचं टाळलं. मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. हातात नोकरी आणि शिक्षण होतं, नव्हतं ते फक्त छप्पर. एजंटच्या त्या फोननंतर मला पहिल्यांदा हेच आठवलं. माझी अडचण त्यांच्यापुढे काहीच नव्हती, पण जात तीच होती.

लंडनला ते दुसऱ्यांदा गेले तेव्हा किंग हेन्रीज रोडवर राहत. तिथून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयापर्यंत पायी जात, भाड्याचे पैसे वाचावेत म्हणून. प्रवासाचा हिशेब त्यांनाही करावा लागला होता, पोटाला चिमटा घेऊन.

1923 ला परतून हायकोर्टात वकिली सुरू केली तरी मुक्काम बीआयटी चाळीतच. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा परळच्याच दामोदर हॉलमध्ये स्थापन झाली. म्हणजे घर, कार्यालय आणि समाज, तिन्ही हाकेच्या अंतरावर. महाडचा सत्याग्रह, काळारामचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, हे सगळं घडलं तेव्हा त्यांचा मुंबईतला पत्ता चाळीचा होता. गिरणगावात राहायचं म्हणून ते राहिले असं नाही, परवडत होतं ते हेच. पण त्या बावीस वर्षांनी त्यांना गिरणी कामगाराचा दिवस आतून दाखवला. पाळी कधी सुटते, नळाला पाणी कधी येतं, पगार कुठे जातो.

त्याची दुसरी बाजू रमाईंनी भोगली. याच काळात गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुलं गेली. राजरत्न 1926 ला. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी हेही सांगितलं पाहिजे. कोंदट जागेला आपण आपुलकीचं नाव देतो आणि तिथल्या बाईचा खोकला विसरतो. समाजकार्य करताना हे मी इतक्या वेळा पाहिलंय की वस्तीच्या बाजूने बोलताना माझी जीभ अडखळते.

आणि मग पुस्तकं. न्यूयॉर्क आणि लंडनहून सुरू झालेला संग्रह चाळीच्या दोन खोल्यांत मावणार नव्हता. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. एकावर चार मिनार उभी राहिली, दुसऱ्यावर राजगृह. मगधाच्या राजधानीचं नाव, धर्मांतराच्या घोषणेच्याही आधी. खाली कुटुंबासाठी खोल्या, वरच्या मजल्यावर ग्रंथालय आणि कार्यालय. 1934 मध्ये कुटुंब तिथे राहायला आलं. घरासाठी कर्ज होतं आणि पुढे 1941 मध्ये चार मिनार विकावी लागली, राजगृह मात्र राहिलं. कर्जाच्या हप्त्याने ज्यांची झोप उडते त्यांनी एवढं मनात ठेवायला हरकत नाही.

आता जागा बघा. दादर-माटुंगा योजनेत वसाहती जातीधर्माच्या नावाने उभ्या राहिल्या, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. हिंदू कॉलनीत मुख्यतः उच्चवर्णीय शिकलेला मध्यमवर्ग. काही तरुण मला विचारतात की बाबासाहेब तिथे का गेले, आपल्या माणसांत का नाही राहिले. नकाशा उघडला की याचं बरंचसं उत्तर मिळतं. कॉलनीला लागून नायगाव, बीडीडी चाळींतली आपली वस्ती. परळ चालत अर्ध्यापाऊण तासावर. दादर स्थानकावर दोन्ही रेल्वे, दोन्ही तोवर विजेवर धावू लागलेल्या. दादर टीटीवर ट्राम, त्या नावातला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनसच. हायकोर्ट आणि लॉ कॉलेज दक्षिणेला, एका गाडीच्या अंतरावर. कोर्ट, पुस्तकं आणि माणसं, तिघांनाही हात पुरेल अशी ती जागा होती.

ती नुसती सोय होती असंही मला वाटत नाही. बडोद्यात पारशी नावाआड लपून राहावं लागलेल्या माणसाने सतरा वर्षांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भूखंडावर, स्वतः निवडलेल्या नावाचं घर उभं केलं, तेही अशा वसाहतीत जिथे त्याच्या जातीच्या माणसाची कुणी कल्पनाही केली नसेल. जिथे आपण नको आहोत तिथे राहायला जाणं हीही एक चळवळच असते. फक्त ती एकट्याने करायची नसते. नायगाव जवळ हवं.

ते जवळ होतं म्हणून काय झालं ते पुढच्या दोन-चार वर्षांतच दिसतं. 27 मे 1935 ला रमाई राजगृहात गेल्या. नव्या घराचं सुख त्यांना जेमतेम वर्षभर. ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली. 1936 च्या मे अखेरीस मुंबई इलाखा महार परिषद भरली ती दादरला नायगावात, राजगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि धर्मांतर का करायचं हे बाबासाहेबांनी तिथे सविस्तर मांडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. 7 नोव्हेंबर 1938 च्या कामगार संपात गिरणगाव बंद पडलं. कॉलनीत राहायला गेलेला नेता वस्तीपासून तुटला असता तर हे झालं नसतं. गावोगावची माणसं राजगृहाच्या दारात येतच राहिली.

1942 नंतर दिल्ली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं, मग कायदामंत्रीपद, सरकारी बंगले, आणि राजीनाम्यानंतर 26 अलीपूर रोडचं भाड्याचं घर. 6 डिसेंबर 1956 ला तिथेच महापरिनिर्वाण झालं. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं, आणि पहाटे आणलं ते राजगृहात.

दादरची चौपाटी तिथून पश्चिमेला, फार लांब नाही. पण 7 डिसेंबरची अंत्ययात्रा सरळ तिकडे गेली नाही. ती व्हिन्सेंट रोडने, म्हणजे आजच्या डॉ. आंबेडकर रोडने, आधी दक्षिणेला निघाली, पोयबावडीवरून, एल्फिन्स्टनचा पूल ओलांडून सयानी रोड आणि गोखले रोडने फिरून समुद्राकडे आली. बावीस वर्षं जिथे काढली तो परळ वाटेत होता. चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी भरून गेल्या होत्या.