विश्लेषण : शहरात लिम्फोमा जास्त, खेड्यात कमी असे का दिसते? गाडगेबाबांच्या धर्मशाळा काय सांगतात?

लिम्फोमा हा लसिका ग्रंथींशी संबंधित कर्करोग. देशातील कर्करोग नोंदणीचे आकडे पाहिले, तर मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत त्याचे प्रमाण जास्त आणि ग्रामीण भागात कमी दिसते. मग खेड्यात हा आजार होतच नाही, असे समजायचे का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वऱ्हाडातील एका माणसाचे आयुष्य उपयोगी पडते. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या आणि अकोला जिल्ह्यात वाढलेल्या संत गाडगेबाबांनी घाट, शाळा आणि धर्मशाळा उभारल्या. आज त्यांच्या नावाची दादरमधील धर्मशाळा गावाकडून मुंबईत उपचारासाठी येणाऱ्या कर्करुग्णांचा मोठा आधार आहे. हा रुग्ण गावातून निघतो, मुंबईत राहतो. मग तो मोजला कुठे जातो?

डेबूजीचे बालपण कसे गेले?

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. हे गाव आज अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात खंगले आणि डेबूजी लहान असतानाच वारले. आई सखुबाई मुलाला घेऊन दापुरे या माहेरच्या गावी आल्या. दापुरे हे अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातले गाव. तेथे मामा चंद्रभानजी यांची शेती होती. डेबूजी आधी गुरे राखू लागले, मग औत हाकू लागले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही.

याच घरात त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मामांच्या निरक्षरपणाचा फायदा घेऊन सावकाराने जमीन घशात घातली. कागदावर काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याचे सर्वस्व जाऊ शकते, हे डेबूजींनी तरुणपणीच अनुभवले. पुढे आयुष्यभर त्यांनी कर्ज, दारू आणि अडाणीपणा यांविरुद्ध लोकांना सावध केले. १८९२ मध्ये त्यांचा कुंताबाईंशी विवाह झाला. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले. त्या काळात भाऊबंदांना हे रुचणारे नव्हते.

गाडगेबाबा हे नाव कसे पडले?

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा आणि सोबत मातीचे एक गाडगे. त्यातच जेवायचे, तेच कधी डोक्यावर ठेवायचे. या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचा, रस्ते-गटारे साफ करायची आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा क्रम होता. कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेत. नवसाला कोंबडे-बकरे कापणे, सणावारासाठी कर्ज काढणे, जातीवरून माणसाला दूर ठेवणे यावर त्यांचा रोख असे. मुलगा गोविंद वारल्याची वार्ता कीर्तनाच्या दौऱ्यात आली, तरी त्यांनी काम थांबवले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

धर्मशाळा बांधण्याकडे ते कसे वळले?

सुरुवात झाली ती नदीच्या काठावर. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीवर ऋणमोचन हे यात्रेचे गाव आहे. पौष महिन्यात तेथे भाविकांची गर्दी होते, पण नदीत उतरायला धड पायऱ्या नव्हत्या. १९०८ च्या सुमारास गाडगेबाबांनी लोकवर्गणी आणि श्रमदानातून तेथे घाट बांधला. मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळेचे काम उभे राहिले. पुढे पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना जातीमुळे कोणी ओसरीवरही उभे करत नसे, त्यांच्यासाठीच होती. ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

या साऱ्या कामामागचा विचार साधा होता. गरीब माणूस लांबच्या गावी देवासाठी जातो, तेव्हा त्याची पहिली अडचण रात्री निजायचे कुठे ही असते. देवासाठी जाणाऱ्याची जी अडचण, तीच दवाखान्यासाठी जाणाऱ्याची. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयासाठी धर्मशाळा झाली. बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना निवारा मिळावा, हा तिचा हेतू. त्याआधी ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली होती. या मोठ्या पसाऱ्यात स्वतःसाठी त्यांनी काही ठेवले नाही. दादरची धर्मशाळा त्यांच्या पश्चातली आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे राहतात.

लिम्फोमा म्हणजे काय?

शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिका वाहिन्यांचे जाळे असते. मान, काख, जांघ, छाती, पोट येथे तिच्या छोट्या ग्रंथी असतात. जंतूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी तेथे असतात. या पेशी बेसुमार वाढू लागल्या की लिम्फोमा होतो. त्याचे दोन मुख्य गट आहेत. हॉजकिन लिम्फोमा तरुणांमध्येही बऱ्याच प्रमाणात आढळतो. थॉमस हॉजकिन या इंग्लिश डॉक्टरने १८३२ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून हे नाव. उरलेल्या अनेक प्रकारांना मिळून नॉन-हॉजकिन लिम्फोमा म्हणतात. न दुखणारी गाठ, न उतरणारा ताप, रात्री दरदरून घाम आणि वजनात घट ही महत्त्वाची लक्षणे. वेळेत निदान आणि पूर्ण उपचार झाले, तर अनेक रुग्ण बरे होतात. म्हणूनच निदानाला लागणारा प्रत्येक महिना महत्त्वाचा ठरतो.

खेड्यात आकडा कमी का येतो?

भारतात नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे प्रमाण पुरुषांत दर लाखामागे सुमारे तीन आणि स्त्रियांत सुमारे दीड असल्याचे नोंदणीचे आकडे सांगतात. पाश्चात्त्य देशांत ते याच्या कित्येक पट आहे. देशातही शहरी केंद्रांचे दर ग्रामीण केंद्रांपेक्षा जास्त आहेत. यातला काही फरक खरा असू शकतो. शहरातील राहणी, संसर्ग आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांचे प्रमाण वेगळे असते. वयाचा परिणाम दर काढताना गणिताने वजा केला जातो, त्यामुळे शहरात वृद्ध जास्त किंवा कमी हे कारण त्यात फारसे उरत नाही.

मात्र मोठा भाग निदानाचा आहे. मानेला गाठ आणि बारीक ताप, ही लक्षणे क्षयरोगाचीही असतात. गंडमाळ म्हणून ओळखला जाणारा ग्रंथींचा क्षय आपल्याकडे भरपूर आढळतो. त्यामुळे तपासणी न होता क्षयाची औषधे सुरू होतात आणि महिने निघून जातात. लिम्फोमा ओळखायला नुसत्या सुईने घेतलेला नमुना बहुधा पुरत नाही. गाठ काढून तिची बायोप्सी करावी लागते. प्रकार ठरवण्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही विशेष तपासणी लागते. ती गावात होत नाही. जो रुग्ण या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या मृत्यूची नोंद ताप किंवा क्षय अशी होते. लिम्फोमाच्या रकान्यात तो येत नाही.

धर्मशाळेतील रुग्ण कोणाच्या खात्यात?

रुग्णालयात किती रुग्ण आले, यावरून एखाद्या भागातील आजाराचे प्रमाण ठरत नाही. त्यासाठी लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी लागते. ठरावीक क्षेत्रात राहणाऱ्या लोकांपैकी वर्षभरात किती जणांना नव्याने कर्करोग झाला, हे ती मोजते. किमान एक वर्ष त्या क्षेत्रात राहिलेल्यालाच तेथील रहिवासी मानले जाते. भारतातील अशी पहिली नोंदणी १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत सुरू केली.

या नियमानुसार अकोला किंवा अमरावतीहून येऊन चार-सहा महिने दादरच्या धर्मशाळेत राहिलेला रुग्ण मुंबईच्या दरात धरला जात नाही. हे योग्यच आहे, नाही तर मुंबईचा आकडा विनाकारण फुगला असता. तो मोजला जायला हवा त्याच्या जिल्ह्यात. पण राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात देशभरातील २८ लोकसंख्या नोंदणी केंद्रांचे आकडे आहेत. त्यात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी आहेत. अमरावती आणि अकोला त्यात नाहीत. म्हणजे वऱ्हाडाच्या या रुग्णाची फाइल रुग्णालयात असते, पण त्याच्या जिल्ह्याचा दर काढणारे केंद्रच नसते.

बार्शीने काय दाखवून दिले?

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव गेले. त्यांनी लोकांना लक्षणे समजावून सांगितली, संशयित रुग्णांना तपासणीला आणले आणि मृत्यूंची माहिती घरोघरी घेतली. एवढे करूनही तेथे एकूण कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी आढळले. म्हणजे शहर-खेडे यातील फरक केवळ मोजणीतला नाही, काही प्रमाणात तो खराच आहे. पण हे ठामपणे म्हणता आले, ते गावोगाव फिरून मोजले म्हणूनच.

वऱ्हाडात मोजणी का हवी?

अमरावती-अकोला हा कापूस आणि सोयाबीनचा पट्टा. येथे कीटकनाशकांची फवारणी मोठ्या प्रमाणावर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन हे कीटकनाशक कर्करोगकारक ठरवले, ते नॉन-हॉजकिन लिम्फोमाशी असलेल्या संबंधाच्या पुराव्यावरूनच. भारतात लिंडेनवर आता बंदी आहे. याचा अर्थ वऱ्हाडात फवारणीमुळे लिम्फोमा वाढला, असा होत नाही. वाढला की नाही, हे सांगण्यासाठी जिल्ह्याचा दर हाती असावा लागतो. मेळघाटातील पाडे आणि अमरावती शहर यांच्यातील फरकही त्याशिवाय कळणार नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात अशी नोंदणी झालेली आहे, त्यामुळे हे काम अशक्य नाही. उपचार केंद्र कुठे हवे, तपासणीची सोय कोणत्या तालुक्यात हवी, हे सरकार आकड्यांवरून ठरवते. आकडा नसेल तर मागणीला जोर येत नाही.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

मान, काख किंवा जांघेत न दुखणारी गाठ दोन-तीन आठवडे टिकली, तर डॉक्टरांना दाखवावी. क्षयाची औषधे सुरू असूनही गाठ वाढत असेल, तर बायोप्सीबद्दल विचारावे. मात्र क्षयाची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

गाडगेबाबांचा अखेरचा प्रवास कुठे संपला?

प्रकृती ढासळलेली असताना गाडगेबाबांना अमरावतीकडे नेण्यात येत होते. वाटेत वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. त्यांचे स्नेही, अमरावती जिल्ह्यातलेच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने निधन झाले. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. गाडगेबाबांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या दशसूत्रीत बेघराला आसरा आणि रोग्याला औषधोपचार ही दोन्ही कामे येतात. आज राज्याचे ग्रामस्वच्छता अभियान आणि अमरावती विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

अकोल्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर, बडनेऱ्याहून साडेसहाशेच्या वर. हे अंतर कापणाऱ्या रुग्णाला रात्री निजायला जागा मिळावी, ही सोय लोकवर्गणीतून झाली. त्याच्या गावातून असे किती जण निघाले आणि किती जण निघूच शकले नाहीत, हे मोजण्याचे काम मात्र वर्गणीतून होणारे नाही. ते सरकारी यंत्रणेनेच करायचे आहे.