सत्याला जागणारे यान हुस

विद्यार्थी मित्रांनो, जी भाषा तुम्ही घरी बोलता, त्याच भाषेत तुम्ही शाळेत शिकता. म्हणून धडा तुम्हांला लवकर समजतो. पण गुरुजींनी सगळे काही अनोळखी भाषेत सांगितले असते तर? सहाशे वर्षांपूर्वी युरोपातील सामान्य माणसांची अशीच स्थिती होती. चर्चमधील प्रार्थना लॅटिन भाषेत होत. शेतकऱ्यांना व कारागिरांना ती भाषा कळत नसे.

त्या काळात, सुमारे १३७० साली, यान हुस यांचा जन्म झाला. त्यांचे गाव हुसिनेत्स. हे गाव बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. घरची गरिबी होती, पण शिकण्याची आवड मोठी होती. ते प्राग शहराच्या विद्यापीठात शिकले, तेथेच शिक्षक झाले आणि पुढे त्याच विद्यापीठाचे प्रमुखही झाले. १४०० साली ते धर्मगुरू झाले.

प्रागमध्ये बेथलहेम नावाचे एक प्रार्थनागृह होते. लोकांना त्यांच्या चेक भाषेत धर्म समजावून सांगावा, यासाठीच ते १३९१ साली स्थापन झाले होते. १४०२ पासून हुस तेथे प्रवचन करू लागले. त्या प्रार्थनागृहात सुमारे तीन हजार माणसे मावत. इंग्लंडमधील विद्वान जॉन विक्लिफ यांचे ग्रंथ हुस यांनी वाचले होते. धर्मगुरूंनी पैशाचा लोभ धरू नये आणि बायबलची आज्ञा पोपच्या आज्ञेहून मोठी मानावी, असे ते सांगत. गरीब लोक ते मन लावून ऐकत. मोठे धर्माधिकारी मात्र संतापले.

१४१२ साली संकट आले. त्या वेळी आपणच खरे पोप आहोत असे म्हणणारे तिघे जण होते. त्यांपैकी एकाने युद्धासाठी पैसा जमवायचे ठरवले. जो पैसे देईल, त्याला पापाच्या शिक्षेची माफी मिळेल, असे फर्मान निघाले. हुस यांनी याला उघड विरोध केला. माफी विकत मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बोहेमियाच्या राजाचा या विक्रीला पाठिंबा होता. त्यामुळे राजाही नाराज झाला. विरोध करणाऱ्या तीन तरुणांचा शिरच्छेद झाला. हुस यांना धर्मातून बहिष्कृत केले गेले. ते प्रागमध्ये राहतील तोवर शहरातील धार्मिक विधी बंद राहतील, असा हुकूम निघाला. आपल्यामुळे लोकांना त्रास नको, म्हणून हुस शहर सोडून गेले. खेड्यांत राहून त्यांनी ग्रंथ लिहिले आणि प्रवचने केली.

१४१४ साली कॉन्स्टन्स या शहरात मोठी धर्मपरिषद भरली. हुस यांनी तेथे यावे म्हणून राजा सिगिस्मुंड याने त्यांना सुरक्षित प्रवासाचे हमीपत्र दिले. हुस विश्वासाने गेले. पण महिनाही झाला नाही, तोच त्यांना कैद करण्यात आले. तुरुंगात ते आजारी पडले. राजाने दिलेला शब्द पाळला गेला नाही.

परिषदेने त्यांच्यासमोर आरोपांची यादी ठेवली. ही मते चुकीची होती, असे कबूल करा म्हणजे जीव वाचेल, असे त्यांना सांगण्यात आले. पण त्या यादीतील कित्येक मते हुस यांनी कधीच शिकवली नव्हती. जे आपण बोललोच नाही, ते मागे घेणे म्हणजे खोटे बोलणे, असे त्यांना वाटले. बायबलच्या आधारे आपली चूक दाखवून दिली, तर आपण ती आनंदाने मान्य करू, असेही त्यांनी सांगितले. कोणी त्यांचे समाधान केले नाही.

६ जुलै १४१५ रोजी परिषदेने त्यांना पाखंडी ठरवले. सैतानांची चित्रे काढलेली कागदी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली गेली. चिता पेटवण्यापूर्वी मत बदलण्याची शेवटची संधी देण्यात आली. हुस यांनी ती नाकारली. त्यांना जिवंत जाळण्यात आले आणि त्यांची राख ऱ्हाईन नदीत टाकण्यात आली.

राख वाहून गेली, पण नाव राहिले. हुस यांचे अनुयायी पुढे अनेक वर्षे लढत राहिले. १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हुस यांच्या क्रूर मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. ६ जुलै हा दिवस चेक प्रजासत्ताकात राष्ट्रीय सुटी म्हणून पाळला जातो.

मित्रांनो, हुस यांची सगळी मते सर्वांना पटतील असे नाही. पण एक छोटेसे खोटे बोलून सुटका होत असतानाही ते खोटे बोलले नाहीत. शिक्षा टाळण्यासाठी खोटे बोलावे असे तुमच्या मनात येईल, तेव्हा या माणसाची आठवण ठेवा.