डेकला स्टेन मारायला कोणता स्प्रेयर घ्यावा? उत्तर देणारा माणूस १७८२ मध्येच गेला!

आज एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो, कारण ती झाली नसती तर अकरावीनंतर मी या माणसाचं नावही काढलं नसतं.

मागच्या उन्हाळ्यात मी ताईकडे अमेरिकेत, ओहायोला गेलो होतो. तिकडे बऱ्याच घरांना मागच्या दाराशी लाकडी फळ्यांचा मोठा ओटा असतो. त्याला डेक म्हणतात. हिवाळ्यात त्यावर बर्फ साचतो, उन्हाळ्यात ऊन-पाऊस बसतो. म्हणून दर काही वर्षांनी त्याला स्टेन आणि सीलर द्यावं लागतं. स्टेन म्हणजे लाकडात मुरणारा रंग आणि सीलर म्हणजे पाणी आत शिरू न देणारा थर.

ब्रशने हे काम करायला दोन दिवस गेले असते. मी गावाकडे पाठीवरचा फवारणी पंप चालवलेला माणूस. म्हणून ताईला आणि दाजींना ऐटीत सांगितलं की आपण फवारू, दोन तासांचं काम आहे.

दुकानातून हाताने हवा भरायचा एक स्वस्त पंप आणला. पहिल्या दिवशी अर्धा डेक झाला आणि उरलेला तेलाचा स्टेन मी रात्रभर पंपातच ठेवला. सकाळी आतले रबरी सील फुगलेले, दांडा अडकलेला आणि नोझलमधून फवाऱ्याऐवजी थेंब पडत होते. फळ्यांवर डागच डाग.

मग दाजींनी एअरलेस स्प्रेयर भाड्याने आणला. थोड्या वेळाने त्याचं टोक तुंबलं. शेतात करायचो तसंच मी अंगठ्याने ते पुसायला गेलो. बोट ट्रिगरवरच होतं. दाजींनी माझा हात असा काही खेचला की मी घाबरलोच. त्या यंत्राचा दाब होता २००० पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ असतो.

त्या रात्री हिशोब मांडून बघितला की माझ्या अंगठ्यावर किती वेगाने स्टेन आदळला असता. हिशोबाचं सूत्र ज्याच्या नावाचं आहे, तो माणूस म्हणजे डॅनियल बर्नुली. आधी त्याची गोष्ट, मग स्प्रेयर.

घरातच गणित, पण मुलाला मनाई

डॅनियलचा जन्म १७०० साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात झाला. घराणं मूळचं स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातलं. वडील योहान बर्नुली आणि काका याकोब हे दोघेही त्या काळातले युरोपातले मोठे गणिती. दोघं सख्खे भाऊ, पण एकमेकांशी कडाक्याचं वैर. १७०५ मध्ये काका वारले आणि बाझेल विद्यापीठातली त्यांची गणिताची जागा योहानला मिळाली. कुटुंब बाझेलला परत आलं.

योहानला स्वतःला त्याच्या वडिलांनी व्यापारात घालायचा प्रयत्न केला होता. तो तिथून निसटला आणि गणिती झाला. गंमत म्हणजे आपल्या मुलाच्या बाबतीत त्याने तेच केलं. गणितात पैसा नाही, म्हणून डॅनियलने व्यापार शिकावा असं ठरलं. पोराचं त्यात मन लागेना. शेवटी तडजोड झाली ती डॉक्टरकीवर.

डॅनियलने बाझेल, हायडेलबर्ग आणि स्ट्रासबर्ग इथे वैद्यकीचा अभ्यास केला. गणित मात्र सुटलं नाही. मोठा भाऊ निकोलस आणि खुद्द वडील त्याला घरी शिकवत होते. हलणाऱ्या वस्तूतली ऊर्जा उंचीमध्ये आणि उंचीतली ऊर्जा वेगामध्ये बदलते, पण हिशोब जुळतोच, ही कल्पना त्याला वडिलांकडूनच मिळाली. वडिलांच्या डोक्यात ती वर फेकलेल्या दगडासारख्या वस्तूंसाठी होती. डॅनियल विचार करू लागला की हाच हिशोब वाहत्या पाण्याला लावला तर?

१७२१ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता श्वासोच्छ्वासाचं यंत्रशास्त्र. म्हणजे डॉक्टर होतानाही हा माणूस शरीराकडे पंप म्हणूनच बघत होता!

चिठ्ठीत हरलेला प्राध्यापक

डिग्री मिळाली, पण नोकरी नाही. बाझेलमध्ये तेव्हा निवडलेल्या उमेदवारांमधून प्राध्यापक चिठ्ठी टाकून ठरायचा. डॅनियलने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा चिठ्ठी दुसऱ्याची निघाली. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये शेवटच्या राउंडला अडकलेल्यांना हे दुःख कळेल.

तो इटलीला गेला. तिथे आजारी पडला, पण रिकामा बसला नाही. १७२४ मध्ये व्हेनिसमध्ये त्याचं पहिलं गणिताचं पुस्तक निघालं. पत्त्यांच्या जुगारातल्या गणितापासून टाकीच्या भोकातून वाहणाऱ्या पाण्यापर्यंतचे विषय त्यात होते. पुढच्याच वर्षी, हेलकावणाऱ्या जहाजावरही नीट चालेल अशा घटिकायंत्राच्या रचनेसाठी त्याला पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस मिळालं. पुढे आयुष्यभरात त्याने अशी दहा बक्षिसं पटकावली.

आता बोलावणं आलं ते रशियातून. १७२५ मध्ये डॅनियल आणि भाऊ निकोलस सेंट पीटर्सबर्गच्या नव्या अकादमीत दाखल झाले. वर्षभरातच निकोलस तापाने वारला. पाठीशी उभा राहिलेला, शिकवणारा भाऊ परक्या थंड शहरात गेला. डॅनियल पार खचला. १७२७ मध्ये तिथे एक तरुण सहकारी आला, लेऑनहार्ड ऑयलर. ऑयलर हा डॅनियलच्या वडिलांचाच विद्यार्थी. दोघांची जोडी जमली आणि डॅनियलच्या आयुष्यातलं सगळ्यात भरघोस काम याच वर्षांत झालं.

नळीला भोक, त्यात काचेची नळी

प्रश्न साधा वाटतो. पाणी स्थिर असेल तर भिंतीवर किती दाब येतो, हे आधीच माहीत होतं. पण पाणी धावत असेल तर? मोजायचं कसं?

डॅनियलची युक्ती भारी होती. पाणी वाहत असलेल्या नळीच्या भिंतीला बारीक भोक पाडायचं आणि त्यात उभी काचेची नळी बसवायची. आतला दाब जितका जास्त, तितकं पाणी काचेच्या नळीत वर चढणार. पाणी वेगाने वाहत असेल तिथे ते कमी चढतं. म्हणजे वेग वाढला की दाब घटतो!

आपल्याला उलटं वाटतं. अरुंद जागेत गर्दी झाली की चेंगराचेंगरी वाढते, मग पाण्याचंही तसंच व्हायला हवं, नाही का? पण पाण्याला अरुंद जागेतून जायचं तर वेग वाढवावा लागतो. तो वेग येतो कुठून? दाब खर्च करून. बँकेच्या खात्यासारखं समजा. एका बाजूला दाब, दुसऱ्या बाजूला वेग. एकातून काढून दुसऱ्यात टाकता येतं, पण बेरीज तीच राहते.

हे सगळं त्याने 'हायड्रोडायनॅमिका' या पुस्तकात मांडलं. १७३८ मध्ये ते स्ट्रासबर्गला छापलं गेलं. वायूचा दाब म्हणजे असंख्य बारीक कणांच्या धडका, हा विचारही त्यात आहे. मागच्या बाजूने पाणी फेकून जहाज पुढे ढकलायची कल्पनाही आहे.

वडिलांनी काय केलं?

तोपर्यंत घरात ठिणगी पडली होती. १७३३ मध्ये डॅनियल बाझेलला परतला, शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून. १७३४ मध्ये पॅरिस अकादमीच्या बक्षिसासाठी बाप-लेकांनी वेगवेगळे निबंध पाठवले आणि बक्षीस दोघांत विभागून मिळालं. दुसऱ्या घरात पेढे वाटले असते. योहानला मात्र मुलगा आपल्या बरोबरीचा ठरला, हेच सहन झालं नाही. दोघांचं नातं तुटलं.

डॅनियलने 'हायड्रोडायनॅमिका'च्या पहिल्या पानावर स्वतःची ओळख योहानचा मुलगा अशीच छापली. समेटासाठी पुढे केलेला हातच होता तो. योहानने काय केलं? पाण्याच्या प्रवाहावर त्याने स्वतःचा ग्रंथ काढला. १७४२ च्या आपल्या समग्र लेखनात तो छापला आणि हे काम १७३२ चं असल्याचं लिहिलं. म्हणजे मुलाच्या पुस्तकाच्या आधीचं! योहानच्या मांडणीत स्वतःचं नवं काही नव्हतं असं नाही, पण तारखेची ही चाल लेकाच्या जिव्हारी लागली. दहा वर्षांच्या मेहनतीचं श्रेय आपल्याकडून लुटलं गेलं, अशी तक्रार त्याने ऑयलरला पत्रातून केली.

यानंतर डॅनियलचा गणितातला उत्साह ओसरला. पण तो संपला नाही. १७५० पासून १७७६ पर्यंत त्याने बाझेलमध्ये भौतिकशास्त्र शिकवलं. त्याच्या प्रयोगांच्या तासांना गर्दी व्हायची. १७६० मध्ये त्याने देवीच्या रोगाचं गणित मांडलं. देवीने होणारे मृत्यू थांबले तर सरासरी आयुष्य २६ वर्षं ७ महिन्यांवरून २९ वर्षं ९ महिन्यांवर जाईल, असा त्याचा हिशोब होता. साथीच्या रोगांची जी गणिती मॉडेल्स आपण कोविडमध्ये रोज ऐकली, त्यांच्या मुळाशी हा माणूस आहे. त्याने लग्न केलं नाही. १७ मार्च १७८२ रोजी तो बाझेलमध्ये वारला.

आज आपण पुस्तकात शिकतो ते समीकरण त्या नेमक्या रूपात ऑयलरने नंतर लिहिलं. पण नाव राहिलं बर्नुलीचं. आणि बर्नुली म्हटलं की प्रवाहाच्या बाबतीत जगाला बाप आठवत नाही, मुलगा आठवतो.

आता माझा अंगठा

टाकीत द्रव जवळजवळ स्थिर असतो, म्हणजे खात्यात सगळा दाब. नोझलमधून बाहेर पडताना तो दाब वेगात बदलतो. पाण्याइतक्या घनतेचा द्रव धरला आणि घर्षण सोडून दिलं, तर ४० पीएसआयच्या हातपंपातून धार निघते ताशी साधारण ८५ किलोमीटरने. २००० पीएसआयच्या एअरलेसमधून? ताशी जवळपास ६०० किलोमीटर! इतक्या वेगाची बारीक धार कातडी फोडून थेट आत शिरते. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत मात्र रंग पसरतो आणि बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं कधी झालं तर दुखत नाही म्हणून थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

अजून एक गोष्ट बघा. दाब ५० पट, पण वेग फक्त सात पट, कारण सूत्रात वेगाचा वर्ग येतो. म्हणून फवारा बिघडला की नुसता दाब वाढवत बसू नका.

आणि बर्नुलीचा साधा हिशोब चिकटपणा धरत नाही. स्टेन जितका दाट, तितका दाब वाटेतच घर्षणात जातो. स्प्रेयर निवडायची किल्ली इथेच आहे.

मग कोणता घ्यायचा?

• पातळ, पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक स्टेन, साधा डेक: हाताने हवा भरायचा पंप पुरतो. पण तेलाचा स्टेन असेल तर सॉल्व्हेंट सहन करणारे सील आहेत का ते डब्यावर वाचा. पंखा पडणारं नोझल घ्या. काम झालं की लगेच धुवा. माझी चूक इथेच झाली. कीटकनाशकाचा जुना पंप यासाठी वापरू नका.

• कठडे, खांब, नक्षीकाम: एचव्हीएलपी स्प्रेयर. यात हवा भरपूर आणि दाब कमी असतो, टोकाशी सुमारे १० पीएसआय किंवा त्याहून कमी. रंग कमी उडतो, पण काम हळू होतं आणि दाट स्टेन चालत नाही.

• दाट, अपारदर्शक स्टेन किंवा खूप मोठा डेक: एअरलेस. फवारा नीट पडेल इतक्या कमीत कमी दाबावर चालवा. टोक तुंबलं तर आधी ट्रिगर लॉक करा, दाब सोडा, मगच हात लावा. वारा असेल तर काम पुढे ढकला, नाहीतर शेजाऱ्याची गाडीही रंगेल.

स्प्रेयर कोणताही असो, फवारल्यावर लगेच ब्रश फिरवा. फवारा स्टेन पृष्ठभागावर टाकतो, तो लाकडात मुरवायचं काम ब्रशचं. आधी डेक धुवून दोन दिवस कोरडा होऊ द्या. पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब मुरले तर लाकूड तयार आहे.

आणि तेलाच्या स्टेनने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका. सुकताना त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. घराबाहेर सुट्या पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

आमचा डेक शेवटी तिसऱ्या दिवशी झाला, एअरलेसचा दाब उतरवून आणि मागोमाग ब्रश फिरवून. दाजी अजून फोनवर आधी अंगठ्याची चौकशी करतात, मग माझी.

तुमच्या घरी कुणी स्प्रेगन किंवा फवारणी पंप चालवत असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.