पाळणा लांबवण्याची वाट दाखवणारे रघुनाथराव कर्वे

दापोली तालुक्यातलं समुद्रकाठचं मुरूड हे गाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल ते महर्षी धोंडो केशव कर्व्यांमुळे. विधवांसाठी आश्रम, मुलींच्या शिक्षणासाठी विद्यापीठ, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न, असं सगळं शाळेच्या पुस्तकात आलेलं आहे. पण या महर्षींच्या थोरल्या मुलाचं, रघुनाथरावांचं नाव गावात विचारून पाहा. दहांतले नऊ जण मान हलवतील. आणि गंमत अशी की बापाच्या कामाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, पोराचं काम आज तुमच्या-आमच्या घरात रोज उपयोगाला येतंय.

घरात बाळंतीण आहे, पोर चार महिन्यांचं आहे, आणि पुढचं इतक्यात नको किंवा आता अजिबातच नको, असं दोघांना वाटतंय. ही वेळ प्रत्येक घरात येते. अशा वेळी कुणाला विचारायचं आणि काय निवडायचं? सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रश्नाला मराठीत उत्तरच नव्हतं. ते उघडपणे देणाऱ्या पहिल्या काही माणसांत रघुनाथरावांना मानाचं पान आहे.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळी ही गोष्ट घरोघरची. बाई बाळंतपणाला बसली की ती उठेल की नाही याचा भरवसा नसे, आणि एक पोर पायावर उभं राहायच्या आत दुसरं पोटात असे. पुढे १८९३ साली धोंडोपंतांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं आणि समाजाचा रोष ओढवून घेतला. रघुनाथ अशा घरात वाढला. लोक काय म्हणतील, याची भीती त्याला लहानपणीच सोडून गेली असावी.

पोरगा गणितात हुशार. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला, पुढे फर्ग्युसनमधून १९०४ ला बी.ए. झाला आणि मुंबईत गणित शिकवू लागला. पत्नी मालतीबाई. मूल होऊ द्यायचं नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं आणि ते आयुष्यभर पाळलं. त्या दिवसांत लग्नाला वर्ष झालं की सासू-आत्या पाळण्याची चौकशी करू लागत. तेव्हा मालतीबाईंना काय काय ऐकावं लागलं असेल, याचा अंदाज तुमच्या घरातल्या बायकांना विचारा, त्या बरोबर सांगतील. रघुनाथरावांचं नाव झालं. या बाईंची साथ नसती तर काम चार दिवसही चाललं नसतं, हे मात्र फार कमी जण सांगतात.

गणिताच्या वरच्या शिक्षणासाठी ते पॅरिसला जाऊन आले आणि १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. साल लक्षात घ्या. लंडनमध्ये मेरी स्टोप्स या बाईंनी असं केंद्र काढलं तेही १९२१ च. म्हणजे या एका बाबतीत आपण विलायतेच्या मागे नव्हतो. दोन वर्षांनी, १९२३ साली, त्यांचं 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे पुस्तक आलं.

तेव्हा साधनं तरी काय होती? पुरुषासाठी रबरी पिशवी, बाईसाठी रबराची टोपी, आत विरघळणाऱ्या गोळ्या, औषधात भिजवलेला स्पंज. पोटात घ्यायची गोळी यायला अजून जवळजवळ चाळीस वर्षं होती. दिवस मोजण्याचं शास्त्र तर उलटंच होतं. पाळीच्या मधले दिवस बिनधोक, असं एकोणिसाव्या शतकातले चांगले शिकलेले डॉक्टरसुद्धा सांगत. खरं म्हणजे तेच दिवस गर्भ राहण्याचे. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाऊस यांनी १९२० ते ३० च्या सुमारास हा घोळ निस्तरला. अजूनही गावात जुनाच हिशेब सांगणारी माणसं भेटतात, म्हणून इथं लिहिलं.

रघुनाथरावांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की आई कधी व्हायचं, किती वेळा व्हायचं, हे त्या बाईने ठरवावं. आणि ती ते ठरवू शकते केव्हा, तर साधनाची खरी माहिती हातात असेल तेव्हा. बाकीचे पुढारी लोकसंख्येच्या आकड्यांवर बोलत. यांचा भर बाईच्या तब्येतीवर आणि तिच्या सुखावर होता. महात्मा गांधींना साधनं मान्य नव्हती, संयम हाच मार्ग असं त्यांचं मत होतं. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन त्यांच्याशी बोलल्या, तरी ते बदललं नाही. रघुनाथरावांना संयमाचा उपदेश व्यवहाराला सोडून वाटे. आपलं मत विचाराल तर एका खाटेएवढ्या खोलीत राहणाऱ्या तरुण जोडप्याला वर्षानुवर्षं संयम सांगणं सोपं आहे, पाळणं कठीण.

आता बाळंतपणानंतरचं बघा, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथंच होते. अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत, असं आपल्याकडे सरसकट समजतात. ते अर्धंच खरं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि पाळी अजून आलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या तरच भरवसा. घुटी, वरचं दूध, पेज सुरू झाली की भरवसा संपला. आणि पाळी येण्याच्या आधी अंडं सुटतं, त्यामुळे पाळीची वाट पाहत बसलेली बाई पाळी न बघताच पुन्हा गरोदर राहू शकते. दूध पाजत नसेल तर महिना-सव्वा महिन्यातही हे घडू शकतं. दोन लेकरांत निदान तीन वर्षांचं अंतर असावं असं आरोग्य खातं सांगतं, त्यामागे आईच्या अंगातलं रक्त भरून यायला वेळ मिळावा हा हिशेब आहे.

मग निवडायचं काय? शेजाऱ्याच्या काळ्या रानात आलेलं वाण आपल्या माळावर येईलच असं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. साधनांचंही तसंच. जावेला तांबी सोसली म्हणून मला सोसेल, किंवा तिला त्रास झाला म्हणून मलाही होईल, हा हिशेब चुकीचा.

तांबी, म्हणजे कॉपर टी, बाळंतपण झाल्यावर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी. प्रकाराप्रमाणे ५ किंवा १० वर्षं चालते, दुधावर परिणाम नाही, काढली की लगेच दिवस राहू शकतात. पहिले काही महिने पाळीला रक्त जास्त जातं, पोटात कळा येतात. म्हणून जिला आधीच अंगावरून फार जातं किंवा रक्त फार कमी आहे, तिने डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. 'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर. यात पाळी अनियमित होते, कधी थांबते. त्याने घाबरायचं कारण नसतं, पण आधी कुणी सांगितलं नसेल तर बाई घाबरते आणि सोडून देते. सोडल्यावर दिवस राहायला सात-आठ महिने लागू शकतात, तेव्हा वर्षभरातच दुसरं हवं असेल तर हे नको. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने तारखेचं कार्ड सोबत न्यावं आणि कारखान्याच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात पुढची सुई घ्यावी. तारीख चुकली की साधन चुकलं.

'छाया' ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. तीत हार्मोन नाही, पाजणाऱ्या आईला चालते. रोजची 'माला-एन' मात्र पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नये, दूध कमी होतं. रक्तदाब असेल तर नंतरही नको. आणि निरोध. त्याला बाईच्या तब्येतीची कसलीच अट नाही, शिवाय गुप्तरोगापासूनही बचाव, पण दर वेळी वापरला तरच उपयोग.

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते, तसा साधनांचाही आकडा असतो. रोजच्या वापरात वर्षभरात शंभरांतल्या साधारण १३ जोडप्यांना निरोध दगा देतो, रोजची गोळी ७ जणींना, इंजेक्शन ४ जणींना. तांबी आणि दोघांच्या शस्त्रक्रिया यांत हा आकडा एकाच्याही खाली आहे. हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारायचं, एवढंच काम.

रघुनाथरावांना हीच माहिती सांगायची मोठी किंमत द्यावी लागली. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक होते. कॉलेज मिशनऱ्यांचं, त्यांना हा उद्योग पटला नाही. काम सोडा नाहीतर नोकरी, अशी वेळ आली तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि पदरचे पैसे घालून २६ वर्षं चालवलं. वाचक पत्रं पाठवत, ते उत्तरं छापत. आईबापाला, डॉक्टरला, कुणालाच विचारता येत नाही असे प्रश्न असत. १९३१ साली अश्लीलतेचा खटला झाला, १०० रुपये दंड. १९३४ साली पुन्हा खटला. या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, २०० रुपये दंड झाला. चौदावं अपत्य म्हणून जन्मलेल्या आणि स्वतःची चार लेकरं गमावलेल्या बाबासाहेबांना हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला, तोही नामंजूर झाला.

एक गोष्ट सांगायला हवी. मासिकाच्या मुखपृष्ठावर ते उघड्या अंगाची चित्रं छापत, आणि लिहिताना कुणाची भीडभाड ठेवत नसत. तत्त्व म्हणून ते ठीक असेल, पण जिला माहितीची सगळ्यात जास्त गरज होती त्या बाईच्या हातात तो अंक घरातलं कुणी पडू देणार नव्हतं. खेड्यापर्यंत तर तो फारसा पोचलाच नाही.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ ला, रघुनाथराव गेले. महर्षी तेव्हा हयात होते. ते त्यानंतर नऊ वर्षं जगले.

सरकारने काम हाती घेतलं, पण त्यातला मुलाहिजा मागे पडला. रघुनाथराव माहिती देऊन माणसाला ठरवू द्यायचे, सरकार टार्गेट देऊन माणसं गोळा करू लागलं. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या. आपल्या विधिमंडळाने तर १९७६ ला सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, ते बरंच झालं. त्या धसक्याने पुरुष जे पळाले ते आजवर परतले नाहीत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. पुरुषांची नसबंदी सांगणाऱ्या जणी ०.३ टक्के.

आता आता मूल नकोच, असं दोघांचं पक्कं झालं असेल तर इथंच जरा थांबा. बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. बाळंतपणानंतर सात दिवसांत ती होते, नाहीतर सहा आठवड्यांनी. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत उरकते. कमजोरी येते, नांगर धरवत नाही, मर्दानगी जाते, ही सगळी पारावरची बोलणी. दोन दिवसांनी हलकी कामं, आठवड्याने पोतं उचलायलाही हरकत नाही. एवढंच की ती लगेच लागू होत नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी करून खात्री करून घ्यायची. हे न सांगितल्यामुळे नंतर दिवस राहिले आणि बायकोवर भलता संशय घेतला गेला, असं एखाद्या गावात घडलं तर नवल नाही. दोन्ही शस्त्रक्रिया कायमच्या समजाव्यात, लेकरू फार लहान असताना घाई करू नये. आणि कटकट नको म्हणून गर्भपिशवीच काढून टाकणं हा संततिनियमनाचा मार्ग नव्हे. ऊसतोडणी करणाऱ्या बायकांचं त्यात काय नुकसान झालं ते २०१९ साली बीड जिल्ह्यातून बाहेर आलंच.

सरपंच, पोलीस पाटील मंडळींना एक विनंती. २००१ साली तिसऱ्या अपत्याची अट आली, ती गावात प्रत्येकाला पाठ झाली. तशीच एकदा ग्रामसभेत आशाताईंना बोलावून ही साधनं टेबलावर मांडू द्या, आणि त्या दिवशी पुरुषांनाही बसवून ठेवा.

रघुनाथरावांच्या नात्यातल्या शकुंतलाबाई परांजपे, रँग्लर परांजप्यांची कन्या, यांनी १९३८ पासून हे काम पुढे नेलं. पुढे त्या विधान परिषदेत आणि राज्यसभेत गेल्या, १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. रघुनाथरावांच्या वाट्याला आले ते दोन दंड, एकूण ३०० रुपयांचे. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक ते गेल्यानंतरच्या महिन्यात, नोव्हेंबर १९५३ ला निघाला.