सैन्य बरखास्त करणारा सेनापती

इंजिनिअर व्हायला बोस्टनला गेलेला एक मुलगा डिग्री न घेताच घरी परतला आणि पुढे त्यानं तीनदा देशाचा कारभार पाहिला. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकाचे होजे फिगेरेस हे ते गृहस्थ. लोक त्यांना प्रेमानं ‘डॉन पेपे’ म्हणत.

जन्म १९०६ चा, वडील डॉक्टर. बोस्टनमध्ये त्यांचं खरं शिक्षण झालं ते सार्वजनिक वाचनालयात. १९२८ मध्ये परतून त्यांनी डोंगरात शेती घेतली. घायपातासारखं पीक लावून त्याच्या वाखापासून दोर आणि पोती बनवायला सुरुवात केली. १९४२ मध्ये रेडिओवरून सरकारवर टीका केली आणि थेट हद्दपारी वाट्याला आली.

फेब्रुवारी १९४८ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाचे ओतिलिओ उलाते जिंकले, तर संसदेनं निवडणूकच रद्द केली. तेव्हा या शेतकऱ्यानं बंदूक उचलली. ४४ दिवसांच्या यादवीत सुमारे दोन हजार माणसं मेली, सरकार पडलं आणि सगळी सत्ता फिगेरेस यांच्या हाती आली.

खरी परीक्षा इथून पुढं. पाकिस्तानात १९७७ साली झिया-उल-हक यांनी ९० दिवसांत निवडणुका घेतो म्हणून सांगितलं आणि ११ वर्षं खुर्ची सोडली नाही. फिगेरेस यांनी १८ महिन्यांची मुदत घेतली आणि पाळलीसुद्धा!

१ डिसेंबर १९४८ ला त्यांनी राजधानीतल्या बेयाविस्ता बराकीच्या भिंतीवर स्वतः घण घातला आणि सैन्य बरखास्त केलं. पोलीस तेवढे ठेवले. त्याच महिन्यात विरोधकांनी निकाराग्वातून चढाई केली. एप्रिल १९४९ मध्ये तर त्यांच्याच सुरक्षामंत्र्यानं बंड केलं. तरी निर्णय फिरला नाही. घटना समितीच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ४५ पैकी फक्त ४ जागा मिळाल्या, तोही कौल त्यांनी मानला. नव्या घटनेच्या कलम १२ नं कायमस्वरूपी सैन्य बंद झालं. नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यांनी सत्ता उलातेंच्या स्वाधीन केली.

माणूस काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. कम्युनिस्ट पक्षावर त्यांनी बंदी घातली, हरलेल्यांवर खास कोर्टात खटले चालवले. पण १९५३ आणि १९७० मध्ये ते सत्तेवर आले ते मतपेटीतूनच. १९९० मध्ये ते वारले.

त्या बराकीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. बंदुकीच्या जोरावर सत्ता मिळवणारे इतिहासात पुष्कळ सापडतील. मिळाल्यावर बंदूकच मोडीत काढणारा असा एखादाच.