घरावर वीज पडली आणि तो फुटलेला आरसा जोडत बसला : विजेला हिशोबात बसवणाऱ्या चार फुटी माणसाची गोष्ट

आकाशातून पडते तीही वीज आणि महावितरणचं बिल येतं तीही वीज. मराठीत दोघींना एकच शब्द आहे. त्यामुळे "काल वीज गेली" आणि "काल वीज पडली" ही वाक्यं आपण एका दमात बोलतो आणि कुणाचा गोंधळही होत नाही.

मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस आला की धाराशिव जिल्ह्यात या दोन्ही विजा एकदम चर्चेला येतात. वाशी-भूमच्या माळावर कडकडाट सुरू झाला की शेळ्या-गुरं घेऊन माणसं आडोसा शोधतात. घरात कुणीतरी टीव्हीचा प्लग काढायला ओरडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशोब लागतो. कुणाचा सेट टॉप बॉक्स गेला, कुणाच्या बोअरच्या मोटारीचा स्टार्टर जळाला. कुठे आख्खी डीपीच उडाली. मग मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात रांग लागते आणि ऐन पेरणीच्या तोंडावर हजारोंचा फटका बसतो.

पण आभाळातली वीज तारेतल्या विजेला भिडते तेव्हा नेमकं होतं काय? आणि उपकरण जळू नये म्हणून काय करायचं? हे कोडं ज्यांनी सोडवलं त्यात एक नाव फार मोठं आहे, चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हा माणूस एडिसनइतकाच गाजलेला होता. आज इंजिनिअरिंगची पोरं सोडली तर त्याचं नाव फारसं कुणाला आठवत नाही.

स्टाइनमेट्झचा जन्म ९ एप्रिल १८६५ चा, ब्रेस्लाऊ शहरातला. तेव्हा हे शहर प्रशियात होतं, आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. पाठीला जन्मापासून कुबड. वडिलांना होतं, आजोबांनाही होतं. आई तो वर्षाचा असताना गेली. वडील रेल्वेत नोकरीला होते. मोठा झाल्यावरही त्याची उंची चार फुटांच्या आसपासच राहिली. गणित मात्र असं होतं की विद्यापीठातल्या दोस्तांनी त्याला प्रोटियस हे टोपणनाव दिलं. ग्रीक पुराणातला हा समुद्रदेव वाटेल ते रूप घेतो आणि त्याच्याकडे सगळी गुपितं असतात. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्याने कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ हे मूळ नाव टाकून चार्ल्स घेतलं आणि हे टोपणनाव मधल्या जागी कायमचं बसवलं.

डॉक्टरेट अगदी हातातोंडाशी आली होती. पण पोरगा समाजवादी निघाला. बिस्मार्कने समाजवाद्यांविरुद्ध कडक कायदे केले होते आणि स्टाइनमेट्झ त्यांच्या वर्तमानपत्राचं संपादन करत होता. पोलिसांची नजर पडल्यावर १८८८ मध्ये त्याला डिग्री सोडून झुरिकला पळावं लागलं.

पुढच्याच वर्षी ऑस्कर आसमुसेन नावाच्या मित्राबरोबर तो जहाजाने न्यूयॉर्कला पोचला. जहाजातला सगळ्यात स्वस्त वर्ग, खिसा रिकामा, इंग्रजी जेमतेम, त्यात पाठीला कुबड. तिथल्या अधिकाऱ्यांनी हा माणूस देशावर ओझं होईल असं ठरवून त्याला परत पाठवायची तयारी केली. आसमुसेनने आपण त्याची जबाबदारी घेतो असं सांगितलं म्हणून तो आत गेला. अमेरिकेच्या वीज उद्योगाचं पुढचं गणित त्या दिवशी एका मित्राच्या शब्दावर वाचलं, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

त्याला नोकरी दिली रुडॉल्फ आयकमायर यांनी. हेही जर्मनीतून पळून आलेले, १८४८ च्या उठावातले. न्यूयॉर्कजवळ याँकर्सला त्यांचा कारखाना होता. तिथे टोप्या बनवायची यंत्रं आणि विजेच्या मोटारी व्हायच्या.

त्या काळी मोटार बनवली की ती किती तापेल हे ती चालवल्यावरच कळायचं. आतलं लोखंड एसी विजेमुळे सेकंदाला कित्येक वेळा उलटसुलट चुंबकित होतं आणि त्यात ऊर्जा वाया जाते. ती किती जाईल याचं सूत्र १८९२ मध्ये स्टाइनमेट्झने मांडलं, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचाही नव्हता. आता मोटार आधी कागदावर तपासता येऊ लागली. त्याच सुमारास उभी राहिलेली जनरल इलेक्ट्रिक कंपनी आयकमायरचा कारखाना घेऊन मोकळी झाली आणि कारखान्याबरोबर हा माणूसही आला.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त विद्युत अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. स्वामी विवेकानंद तिथे बोलले ते याच प्रदर्शनाच्या काळात, दोन-तीन आठवड्यांनी. या परिषदेत स्टाइनमेट्झचा एसी विजेचं गणित सोपं करणारा निबंध आला. ज्यासाठी पानंच्या पानं कॅलक्युलस लागायचं ते साध्या बीजगणितात बसलं. सर्किटच्या पेपरात ज्या 'जे'ने छळलंय तो 'जे' वीज शाखेत रुजवणारा माणूस हाच. शिव्या द्यायच्या तर यालाच. पण आधीची पद्धत बघितली असती तर त्याचे आभार मानले असते.

पुढचं सगळं आयुष्य त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टेडी गावात काढलं. आपलं दुखणं मुलांना जाऊ नये म्हणून लग्न केलं नाही, असं त्याचे चरित्रकार सांगतात. मात्र प्रयोगशाळेतला मदतनीस जोसेफ हेडन आणि त्याची बायको कोरिन यांना त्याने आपल्या घरी राहायला आणलं. पुढे हेडनला रीतसर दत्तक घेतलं. हेडनला तीन मुलं झाली आणि ती सगळी स्टाइनमेट्झची नातवंडं झाली. घरात निवडुंगांचं काचघर होतं, मगरीसारखे प्राणी पाळलेले होते आणि तोंडात कायम सिगार. समाजवाद काही सुटला नव्हता. १९११ मध्ये स्केनेक्टेडीत समाजवादी महापौर आला आणि मग स्टाइनमेट्झ गावच्या शाळा मंडळाचा अध्यक्ष झाला. अमेरिकेतल्या बड्या भांडवलदारी कंपनीचा मुख्य सल्लागार अभियंता आणि उघड समाजवादी, दोन्ही एकच माणूस. कंपनीनेही ते चालवून घेतलं.

आता मूळ मुद्दा.

१८९६ मध्ये नायगाऱ्याची वीज तारांवरून बफेलो शहरात पोचली. आपल्याकडे १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना दिली. तारा डोंगर-रानातून मैलोन् मैल उघड्यावर जाऊ लागल्या आणि आभाळातल्या विजेला आयती वाट मिळाली. एका ठिकाणी वीज पडायची आणि दूरवरचा ट्रान्सफॉर्मर फुटायचा.

स्टाइनमेट्झने दाखवलं की तार म्हणजे नुसती वाट नव्हे. तारेभोवती चुंबकीय आणि विद्युत अशा दोन रूपांत ऊर्जा साठलेली असते. काही अचानक बदललं की ही ऊर्जा हेलकावे खाते आणि व्होल्टेजची लाट तारेवरून जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावते. पाइपलाइनवर मोटार चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. मोटार एकदम बंद पडली की चढावरचं पाणी मागे येऊन व्हॉल्व्हवर आदळतं आणि नेहमीचा दाब आरामात सोसणारा पाइप फुटतो. तारेतही तसंच होतं. लाट टोकाला आदळून परत फिरते तेव्हा तिची उंची जवळपास दुप्पट होऊ शकते, आणि टोकाला असतो नेमका ट्रान्सफॉर्मर किंवा मोटार. म्हणजे वीज थेट डीपीवर पडायची गरज नाही. जवळच्या झाडावर पडली तरी तारेत लाट उठते. ढग नसतानाही, मोठी मोटार बंद-चालू केली तरी छोटी लाट उठतेच. या क्षणिक उसळ्यांवर १९०९ मध्ये त्याने आख्खा ग्रंथ लिहिला.

यावर उपाय सांगायला सोपा आहे. तार आणि जमीन यांच्यामध्ये एक दार ठेवायचं. नेहमीच्या व्होल्टेजला ते बंद राहील, लाट आली की उघडेल आणि ती जमिनीत सोडेल. हाच लाइटनिंग अरेस्टर, वायरमनच्या भाषेत एलए. मेख आहे ती दार पुन्हा बंद होण्यात. दोन धातूंमध्ये फट ठेवली तर लाट ठिणगी होऊन जमिनीत जाते, पण त्या पेटलेल्या ठिणगीतून लाइनची नेहमीची वीजही मागोमाग वाहत राहते. आभाळातल्या विजेपासून वाचलो आणि स्वतःच्याच विजेने जळलो, अशी गत. जनरल इलेक्ट्रिकमध्ये क्राइटन नावाच्या अभियंत्याने यावर ॲल्युमिनियमच्या ताटल्या आणि द्रावण वापरून अरेस्टर विकसित केला. ताटल्यांवरचा ऑक्साइडचा पापुद्रा ठराविक व्होल्टेजच्या वर वाट देतो आणि नंतर पुन्हा अडवतो. त्याची रोज देखभाल करावी लागायची, पण दार बंद होत होतं.

हे सगळं तपासायचं कसं? वीज कुठे आणि कधी पडेल ते कुणाच्या हातात नाही. स्टाइनमेट्झची नदीकाठी एक लाकडी झोपडी होती. तो तिथे होडीत आडवी फळी टाकून आकडेमोड करत बसायचा. १९२० मध्ये या झोपडीवरच वीज पडली. सामान उद्ध्वस्त झालं, आरशाच्या ठिकऱ्या उडाल्या. दुसरा कुणी असता तर देवाचे आभार मानून झाडू घेतला असता. याने तुकडे गोळा केले आणि वीज काचेवरून कुठून कशी गेली ते बघायला आरसा पुन्हा जोडला.

आणि १९२२ मध्ये त्याने प्रयोगशाळेत स्वतःची वीज पाडली. कंडेन्सरमध्ये वीज हळूहळू साठवायची आणि एका क्षणात सोडायची. महिनाभर भरलेला तलाव एका रात्रीत फुटावा तसं. १ लाख २० हजार व्होल्ट, १० हजार अँपिअर. गुणाकार केला तर १२० कोटी वॉट होतात, पण सेकंदाच्या लाखाव्या भागाइतक्याच वेळासाठी. लाकडाच्या ओंडक्याच्या चिरफाळ्या उडायच्या. अरेस्टर आणि चिनी मातीचे इन्सुलेटर आता पाऊस येण्याची वाट न बघता तपासता येत होते. त्या ऑक्टोबरमध्ये खुद्द एडिसन हे बघायला आला. एसी विजेला एकेकाळी विरोध केलेला तो म्हातारा आणि एसीचं गणित मांडणारा हा बुटका माणूस फुटलेले इन्सुलेटर न्याहाळतायत, असा फोटो आहे.

(व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्टही याच माणसाची. हेन्री फोर्डच्या कारखान्यातल्या बंद जनरेटरवर खडूने खूण केली आणि दहा हजार डॉलरचं बिल लावलं, त्यात खुणेचा एक डॉलर आणि खूण कुठे करायची हे माहीत असण्याचे बाकीचे. ही गोष्ट गाजली ती १९६५ मध्ये 'लाइफ' मासिकात छापून आलेल्या एका पत्राने, म्हणजे दोघांच्याही मृत्यूनंतर. तेव्हा ती चवीपुरतीच घ्यावी.)

२६ ऑक्टोबर १९२३ रोजी, पश्चिम किनाऱ्याचा लांबचा दौरा करून परतल्यावर काही दिवसांतच, स्टाइनमेट्झ घरी गेला. वय ५८. नावावर सुमारे २०० पेटंट. ती नदीकाठची झोपडी आज फोर्डने उभारलेल्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

त्याच्यानंतर दार बदलत गेलं. १९३० च्या सुमारास सिलिकॉन कार्बाइड आलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या मात्सुशिता कंपनीत झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर तयार झाला. हा एमओव्ही म्हणजे नाण्याएवढी चकती. चांगल्या स्पाइक बस्टरमध्ये, एलईडी दिव्यात, इन्व्हर्टरमध्ये तोच बसलेला असतो. डीपीच्या खांबावरचा नवा एलएही त्याच पदार्थाचा. त्याहून नाजूक सर्किटला झेनर किंवा टीव्हीएस डायोड लावतात.

पण दोन गोष्टी दुकानदार सहसा सांगत नाही. एक, ही चकती प्रत्येक लाटेला थोडी थोडी झिजते. दिवा लागतोय म्हणजे संरक्षण चालू आहे असं नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. ही चकती क्षणभराच्या लाटेसाठी आहे. वाऱ्याने डीपीजवळ न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात, तेही मिनिटंच्या मिनिटं. तिथे चकती तापून स्वतःच जळते. त्यासाठी जास्त व्होल्टेज आलं की लाइनच तोडणारा वेगळा कटऑफ लागतो. फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार घातलेली असेल तर मग विचारायलाच नको.

आणि लाट जमिनीत सोडायची तर जमिनीने ती घ्यायला हवी. बालाघाटच्या माथ्यावर चार बोटं माती आणि खाली काळा बेसॉल्ट. मे महिन्यात तीही माती कोरडी ठणठणीत, आणि कोरड्या जमिनीतून वीज नीट वाहत नाही. म्हणजे वर्षातला पहिला कडकडाट होतो तेव्हाच अर्थिंग सगळ्यात कमजोर असते. म्हणून जुने वायरमन वळवाआधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला सांगतात.